क्लिन्से-झा कॅरिबू : ३८ वरून शंभरीपार गेलेला कळप आणि त्यामागचं काम

उत्तरवारा (धागाकर्ता)

कॅरिबूंच्या बातम्या अधूनमधून येतात आणि चर्चा 'बिचारे लांडगे' की 'बिचारे कॅरिबू' इथेच अडकते. म्हणून एकाच कळपावर नीट लिहितो. कळपाचं नाव क्लिन्से-झा. ठिकाण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा ईशान्य भाग, चेटविंड गावाच्या आणि मोबर्ली तळ्याच्या पश्चिमेचे डोंगर.

कॅरिबू म्हणजे रेनडिअरच, जात एकच. पण डोक्यात टुंड्रावरचे लाखांचे कळप असतील तर ते बाजूला ठेवा. हे डोंगरातले कॅरिबू. विरळ राहायचं, हिवाळ्यात वाऱ्याने बर्फ उडालेल्या माथ्यांवर शैवाक खायचं (आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची जातकुळी) आणि लांडगे जिथे सहसा फिरकत नाहीत अशा उंचीवर वेगवेगळं होऊन व्यायचं. त्यांचा बचाव म्हणजे कमी संख्येने, दूरदूर आणि उंचावर राहणं.

इथल्या डने-झा आणि क्री या मूळनिवासी लोकांचे वडीलधारे सांगतात की पूर्वी कॅरिबू जमिनीवर किड्यांसारखे पसरलेले असत. १९६८ साली पीस नदीवर बेनेट धरण पूर्ण झालं आणि मागे विलिस्टन जलाशय भरला. येण्याजाण्याच्या वाटा पाण्याखाली गेल्या, कळपांचे तुकडे पडले. मग लाकूडतोड, कोळसा, तेल-वायूच्या शोधासाठी पाडलेले सरळसोट पट्टे. वेस्ट मोबर्लीच्या लोकांनी १९७० च्या दशकात कॅरिबूची शिकार आपणहून थांबवली. तरी घसरण थांबली नाही. १९९० च्या दशकात सुमारे २५० जनावरं होती, २०१३ मध्ये उरली ३८.

शेजारचा बर्न्ट पाइन कळप तर संपलाच. त्याच्या अधिवासात कोळशाच्या शोधकामाला परवानगी मिळाली, तेव्हा वेस्ट मोबर्ली फर्स्ट नेशन्स (फर्स्ट नेशन्स म्हणजे कॅनडातले मूळनिवासी समाज) कोर्टात गेले. त्या वेळी कळपात अकराच्या आसपास जनावरं होती. २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०११ मध्ये अपिलातही टिकला. कळप मात्र टिकला नाही. क्लिन्से-झाच्या बाबतीत या लोकांनी सरकारची वाट न पाहता स्वतः हात घातला, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

२०१३ पासून लांडगे कमी करणं आणि २०१४ पासून गाभण माद्यांना कुंपणात ठेवणं, अशी दोन कामं सुरू झाली. २०२१ ची मोजणी १०१. पुढच्या प्रतिसादांत एकेक काम उलगडू. इथे वन्यजीव आणि जनावरांचे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

---

खोडसाळ

शिकार बंद, तरी संख्या कमी. मग दोष लांडग्यांचाच ना? लांडगे तर हजारो वर्षं तिथेच होते. आता अचानक काय झालं?

---

रानवाटा

खोडसाळराव, अख्खा धागा याच प्रश्नावर उभा आहे.

लांडगा कॅरिबूवर जगत नाही, मूसवर (हरणवर्गातलं सर्वांत मोठं जनावर) जगतो. जुनं जंगल तोडलं की तिथे आधी झुडपं, विलो, कोवळी झाडं येतात. हे मूसचं, एल्कचं आणि हरणांचं आवडतं खाणं. मूस वाढले की लांडगे वाढतात. मूसची मादी चांगल्या चाऱ्यावर जुळी देते, ती हा मार सोसते. कॅरिबूची मादी वर्षाला एकच पाडस देते आणि बहुतेक जणी तिसऱ्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा वितात. लांडग्याला वाटेत मिळालेला कॅरिबू हा वरकड घास असतो, पण अडतीसच्या कळपात असे चार घास गेले की वर्ष संपलं.

यातली वाईट गोष्ट अशी की कॅरिबू कमी झाले म्हणून लांडगे कमी होत नाहीत, कारण त्यांचं पोट मूसवर चालू असतं. भक्ष्य संपत आलं की भक्षक उपाशी मरतो हा नेहमीचा लगाम इथे चालत नाही. शेवटची मादी मरेपर्यंत दबाव तसाच.

त्यात रस्ते आणि तेल-वायू शोधताना पाडलेले भूकंपलहरी-सर्वेक्षणाचे पट्टे. दाट जंगलात, भुसभुशीत बर्फात लांडगा हळू चालतो. मोकळ्या पट्ट्यावर किंवा स्नोमोबाइलने बर्फ दाबलेल्या वाटेवर त्याचा वेग दोन-तीन पट होतो. म्हणजे लांडगे संख्येने वाढले ते वाढले, वर प्रत्येक लांडगा रोज जास्त मुलूख तुडवू लागला. पूर्वी जिथे पोचणं परवडत नव्हतं ते माथे आता वाटेवर आले.

---

आकडेमोड

कॅरिबूचं गणित समजायला एक आकडा पुरतो. शंभर प्रौढ माद्यांतल्या वर्षभरात ८५ वाचल्या, तर कळप जागच्या जागी ठेवायला १५ नव्या माद्या हव्यात. पाडसं निम्मी नर, निम्मी मादी. म्हणजे शंभर माद्यांमागे साधारण ३० पाडसं पहिला हिवाळा काढून मार्चपर्यंत जिवंत हवीत. कॅनडात वापरला जाणारा उंबरठा २९ च्या आसपास आहे, तो इथूनच येतो.

जन्माला येतात त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक प्रौढ माद्या दरवर्षी गाभण राहतात. पण निम्मी पाडसं पहिल्या काही आठवड्यांतच जातात : लांडगे, अस्वलं, वुल्व्हरिन, सोनेरी गरुड. गळती जन्म आणि जुलै यांच्या मध्ये आहे, आणि बाळंतवाड्याची (गाभण माद्यांच्या कुंपणाची) कल्पना नेमकी त्याच भोकाला बूच लावते.

आता ३८ चा कळप घ्या, त्यात २० माद्या धरा. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्ष नोंदी नव्हेत.

काहीच केलं नाही : ३ माद्या मेल्या. पाडसं शंभरी १५ च्या दराने ३ टिकली, त्यात मादी दीड. वर्षाला दीड मादी तोटा.

फक्त वाडा, त्यात १० माद्या : ९ पाडसं, त्यातली ७ मार्च बघतात. बाहेरच्या १० माद्यांकडून एक-दीड. एकूण साधारण ८, त्यात मादी ४. मेल्या ३. नफा एक मादी. म्हणजे इतका खटाटोप करून नाक पाण्यावर.

वाडा आणि लांडगे कमी : प्रौढ माद्या ९२ टक्के वाचल्या, तर मेल्या दीड. बाहेरच्या माद्यांचीही ३ पाडसं टिकली. एकूण १०, मादी ५. नफा साडेतीन मादी, म्हणजे वर्षाला सतरा टक्के.

प्रत्यक्षात ३८ चे १०१ व्हायला आठ वर्षं लागली. चक्रवाढीने काढलं तर वर्षाला १३ टक्के. डोंगरी कॅरिबूसाठी हा दर फार चांगला आहे.

---

चिंचपाणी

'बाळंतवाडा' शब्द आवडला, आता तोच वापरू या. पण रानटी जनावराला कुंपणात घालायचं म्हणजे नक्की काय करतात? पकडतात कसं, खायला काय? तारेच्या जाळीला धडकून मरत नाहीत का?

---

उत्तरवारा

क्रमाने सांगतो.

वेळ मार्चची. माद्या उघड्या माथ्यांवर असतात, त्यामुळे दिसतात. बर्फ आणि थंडी असल्याने पळताना अंग लवकर तापत नाही. विण्याला अजून दोन-अडीच महिने असतात. हेलिकॉप्टरमधून जाळं फेकणाऱ्या बंदुकीने एकेकीला पाडतात. माणूस उतरतो, डोळ्यांवर पट्टी, पायांना बांध, सौम्य गुंगीचं औषध. मग झोळीत घालून हेलिकॉप्टरच्या आतून वाड्यापर्यंत आणतात. तिथे वजन, रक्त, विष्ठेचा नमुना, माग ठेवणारी रेडिओ कॉलर. गाभण आहे की नाही हे रक्तावरून नक्की होतं.

वाडा काही हेक्टरांचा असतो. सुरुवातीला लहान होता, पुढे जागा बदलून मोठा केला. वृक्षरेषेच्या जवळ, त्यांच्या नेहमीच्या मुलखातच. भिंत तारेची नाही. रस्त्याच्या भरावाखाली अंथरतात तसलं काळं जिओटेक्स्टाइल कापड माणसाच्या दुपटीहून उंच ताणून झाडांना आणि खांबांना बांधतात. चिंचपाणी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जाळीतून पलीकडचं दिसतं, मग जनावर त्यातून जायला बघतं. शिंगं अडकतात, मान मोडते. (कॅरिबूच्या माद्यांनाही शिंगं असतात, आणि गाभण मादी ती वसंतापर्यंत बाळगते.) अपारदर्शक भिंतीला ती भिंत समजून वळतात. शिवाय बाहेरच्या लांडग्याला आतलं काही दिसत नाही.

कापडाच्या बाहेरून झटका तार, मुख्यतः अस्वलांसाठी. पलीकडे राखणदारांची झोपडी. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या दोन्ही फर्स्ट नेशन्सची माणसं पाळीपाळीने चोवीस तास तिथे असतात. रोज कुंपणाची फेरी, खाणं-पाणी, प्रत्येक मादीवर लांबून नजर. आत जायचं ते खाणं टाकण्यापुरतं, आवाज न करता, त्याच त्या वाटेने. जनावर माणसाळता कामा नये.

माद्या मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत वितात. पाडसाला पहिल्या एक-दोन दिवसांत पकडून, वजन करून, वाढत्या मानेबरोबर सैल होणारी कॉलर घालतात. त्या वयातच पकडता येतं, पुढे ते माणसाला आटोपत नाही. जुलैअखेरीच्या सुमारास कापडाची एक बाजू उघडतात आणि बाजूला होतात. हाकलत नाहीत. त्या आपल्या आपण निघतात.

ही पद्धत इथे जन्मली नाही. कॅनडाच्याच वायव्येतल्या युकॉनमधल्या चिसाना कळपासाठी २००३ ते २००६ अशी आवारं केली होती, तिथून ती उचलली.

---

पशुवैद्य_निवृत्त

खाण्याबद्दल आणि पकडण्याबद्दल थोडं, कारण जनावर दगावतं ते बहुधा इथे.

लांडग्यापेक्षा आधी बघायची गोष्ट पाठलाग. हरणवर्गी जनावर जिवाच्या आकांताने पळालं की स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला मळ मूत्रपिंडात अडकतो. त्या क्षणी जनावर ठीक दिसतं, उठून चालतंही, आणि दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यांनी मरतं. लोकांना वाटतं वाड्यात मेलं, प्रत्यक्षात ते हेलिकॉप्टरखाली मेलेलं असतं. म्हणून पाठलाग मिनिटांत मोजायचा, आणि ठरल्या वेळेत जाळं बसलं नाही तर ती मादी सोडून द्यायची. गुदद्वारातलं तापमान ४१ च्या वर गेलं तर बाकी सगळं सोडून बर्फाने थंड करायचं. रक्त, कॉलर, वजन नंतर. वैमानिक अनुभवी असणं हे औषधापेक्षा मोठं.

दुसरं म्हणजे पोट. कॅरिबू रवंथ करणारा आहे आणि हिवाळाभर त्याच्या पोटातले जंतू शैवाकावर बसलेले असतात. शैवाकात पिष्टासारखे पदार्थ भरपूर, प्रथिनं नगण्य. अशा जनावराला पहिल्याच दिवशी गोळीपेंड भरपूर घातली तर पोटात आम्ल वाढतं, जंतू मरतात, जनावर खाली बसतं. गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर होतं तेच. म्हणून सुरुवातीला हाताने वेचलेलं शैवाक, मग त्यात थोडी गोळीपेंड, आणि दोनेक आठवड्यांत प्रमाण उलटं करत आणायचं. आधी गोळ्यांवर शैवाक भुरभुरावं लागतं, नाहीतर नव्या माद्या तोंड लावत नाहीत. आदल्या वर्षी वाड्यात राहून गेलेली मादी सोबत असेल तर ती सरळ कुंडाशी जाते आणि बाकीच्या तिचं बघून शिकतात.

शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. ते विकत मिळत नाही आणि शेतात पिकत नाही. पोती भरभरून वेचायला गावची माणसं लागतात, आणि एकच जागा पुन्हापुन्हा ओरबाडायची नाही हेही बघावं लागतं.

तिसरं, गर्दी. उभ्या डोंगरावर पसरून राहणारी जनावरं काही हेक्टरांत आली की विष्ठा आणि खाणं एका जागी येतं. जंत, हगवण, डोळ्यांचे आणि खुरांचे संसर्ग. खाण्याची कुंडं एकाच ठिकाणी ठेवू नयेत, आणि दांडगी मादी बाकीच्यांना हुसकत असेल तर कुंडं आणखी वाढवावीत. आणि हो, भिंतीने गरुड थांबत नाही. आत झाडझाडोरा राखावा लागतो तो सावलीसाठी आणि पाडसाला दडायला.

---

दवबिंदू

उत्तम माहिती, सगळे प्रतिसाद साठवून ठेवले. पण वाडा इतका छान चालतो तर लांडगे मारायचेच कशाला? हेलिकॉप्टरमधून बंदुकीने लांडगे टिपणं हे 'संवर्धन' म्हणून गळी उतरत नाही. गुन्हा लाकूड कंपन्यांचा, शिक्षा लांडग्यांना.

---

रानवाटा

दवबिंदू, गुन्हा-शिक्षेबद्दलचं तुमचं वाक्य बरोबरच आहे. ज्यांनी हे काम केलं त्यांनाही ते हौसेने करायचं नव्हतं. पण आकडे बघावे लागतात.

दक्षिणी डोंगरी कॅरिबूंच्या (क्लिन्से-झा यांतलाच) ४० कळपांचा एकत्रित अभ्यास २०२४ मध्ये आला. १९९१ ते २०२३ मध्ये एकूण संख्या ५१ टक्क्यांनी घटली आणि ३७ टक्के कळप व्यवहारात संपले. एकट्याने वापरल्यावर सातत्याने कळप वाढवणारा उपाय एकच निघाला, लांडगे कमी करणं. त्याला वाड्याची किंवा जादा खाण्याची जोड मिळाली तिथे वाढ सर्वांत जोरात, पण अशी जोड मोजक्या चार कळपांनाच मिळाली. सगळ्या उपायांमुळे २०२३ मध्ये जिवंत कॅरिबू, काहीच न करता असते त्यापेक्षा सुमारे निम्म्याने जास्त होते.

वाडा एकटा का पुरत नाही हे आकडेमोड यांनी दाखवलंच आहे. वाड्यात पाडसं वाचतात. प्रौढ माद्यांना लांडगे मारतात, आणि त्या वर्षातले आठ महिने बाहेरच असतात. आणि जुलैअखेर सोडलेलं पाडस अस्वलापासून पळू शकतं, टोळीपासून नाही.

लांडगे 'थोडे' कमी करून उपयोग नसतो हीही अडचण. लक्ष्य असतं हजार चौरस किलोमीटरमागे तीनपेक्षा कमी. टोळीतले दोन मारले तर बाकीचे पुन्हा जोडी जमवतात, मादी पाच-सहा पिल्लं देते, बाहेरून तरुण लांडगे येतात. एक-दोन हिवाळ्यांत जैसे थे. म्हणून दरवर्षी आणि बहुतेक सगळे काढावे लागतात. फासेपारधाने ते जमणं कठीण. २०१३ मध्ये फर्स्ट नेशन्सच्या सापळेवाल्यांनी सुरुवात केली, २०१५ पासून प्रांत सरकारने हवाई मार्गाने केलं.

---

दवबिंदू

मग मूस कमी करा. मूळ तेच ना? आणि मांस तरी लोकांच्या पोटात जाईल.

---

रानवाटा

करून पाहिलंय. याच प्रांताच्या दक्षिणेतल्या रेव्हलस्टोक गावाच्या उत्तरेला कोलंबिया नॉर्थ कळपाच्या भागात २००३ पासून मूसच्या शिकारीचे परवाने वाढवले. मूस दोन तृतीयांशाहून अधिक घटले, मागोमाग लांडगेही. कॅरिबूची घसरण थांबली, पण कळप वाढला नाही. मोठ्या कळपाला हा उपाय सावकाश उपयोगी पडतो. ३८ च्या कळपाला तेवढी वर्षं नसतात. आणि मूस एकदम फार पाडले, लांडगे अजून तेवढेच, तर भुकेले लांडगे वर कॅरिबूकडे वळण्याचा धोका. आधी लांडगे, मग मूस, किंवा दोन्ही बरोबर, असा क्रम लागतो.

उशीर झाल्यावर काय होतं त्याचं उदाहरण साउथ सेलकर्क. अमेरिका-कॅनडा सीमेवर ये-जा करणारा शेवटचा कळप. एप्रिल २०१८ मध्ये तीन माद्या दिसल्या, नर एकही नाही. जानेवारी २०१९ मध्ये उरलेली एकमेव मादी उचलून रेव्हलस्टोकजवळ नेली. या कळपाच्या मुलखात लांडगेनियंत्रण सुरू झालं होतं, पण फार उशिरा.

---

हिमरेषा

'संख्या वाढली म्हणजे जिंकलो' यावर एक टाचणी. युकॉन-अलास्का सीमेवरचा फोर्टीमाइल कळप बघा. १९२० च्या दशकात लाखांत, १९७० च्या दशकात पाच-सहा हजार. १९९५ च्या योजनेत शिकार घटवली, पुढे काही टोळ्यांतले लांडगे दूर हलवले, मुख्य जोड्यांची नसबंदी केली. २०१७ मध्ये कळप ८४ हजारांवर गेला आणि मग काही वर्षांतच सुमारे निम्मा. चराई ताणली गेली होती, माद्या कृश, पहिलं वेत लांबलेलं. क्विबेक-लॅब्राडॉरचा जॉर्ज रिव्हर कळप १९९० च्या दशकात आठ लाखांच्या आसपास होता, २०१८ मध्ये साडेपाच हजार. टुंड्राकाठच्या कळपांत अशी मोठी भरती-ओहोटी असते.

---

उत्तरवारा

हिमरेषा, मुद्दा मान्य, पण ते औषध वेगळं. फोर्टीमाइल किंवा जॉर्ज रिव्हर चाऱ्याशी झगडतात. क्लिन्से-झाला चारा कमी पडलेला नाही, सुरक्षित जागा कमी पडली. दोन्हींना 'कॅरिबू घटले' या एकाच मथळ्याखाली घातलं की उपाय चुकतात. टुंड्रावर बाळंतवाडा हास्यास्पद ठरेल, आणि इथे नुसती शिकारबंदी चाळीस वर्षं करूनही काही झालं नाही.

आता वाड्याची खरी मर्यादा. वाडा मोठा होत नाही, कळप होतो. २० माद्यांतल्या १० आत घेतल्या तर निम्मा कळप झाकला. माद्या ५० झाल्या आणि आत १५, तर ३० टक्के. खर्च तोच, हेलिकॉप्टर तेच, राखणदार तेवढेच, परिणाम दरवर्षी पातळ. यशाबरोबर वाडा निरुपयोगी होत जातो, आणि तसाच तो व्हायला हवा. प्रश्न इतकाच की तोवर जंगल तयार आहे का.

नाही. कॅनडाच्या सपाट उत्तरी जंगलातल्या कॅरिबूंसाठी २०१२ च्या आराखड्यात निकष असा आहे : कळपाच्या मुलखातला किमान ६५ टक्के भाग अबाधित असेल तर कळप आपल्या पायावर उभा राहण्याची शक्यता ६० टक्के. 'बाधित' मोजताना रस्ता किंवा तोड यांच्याभोवतीचे ५०० मीटरही धरतात, आणि ४० वर्षांच्या आतला वणवाही. डोंगरी कॅरिबूंना हा निकष तंतोतंत लागू नाही, पण अंदाज येतो. तोडलेला तुकडा पुन्हा कॅरिबूच्या कामाचा व्हायला काही दशकं लागतात.

---

पाणवठा

रस्ते बुजवण्याचं काम कसं करतात त्यावर लिहितो, कारण लोकांना वाटतं 'फाटक लावलं, झालं'. फाटकाने गाडी थांबते, लांडगा थांबत नाही.

पोकलेन रस्त्याच्या टोकापासून मागे येत काम करतो, म्हणजे केलेल्या भागावरून पुन्हा जावं लागत नाही. वर्षानुवर्षं ट्रकांनी दाबलेली माती आधी उकरायची, नाहीतर मूळ धरत नाही. मग खड्डा काढायचा आणि ती माती शेजारी उलटी टाकून उंचवटा करायचा, असा खड्डा-उंचवटा पट्ट्याच्या पूर्ण रुंदीत, अनियमित. रांगेत केले तर मधून वाट राहते आणि लांडगा तीच शोधतो. उंचवट्यावर रोप, कारण तिथे पाणी साचत नाही आणि माती लवकर गरम होते. कडेची काही झाडं आडवी पाडायची, मुळापासचा भाग अर्धवट जोडलेला ठेवून, म्हणजे ती छातीच्या उंचीवर अडसर होतात. दिसण्याची सरळ रेषा तुटली पाहिजे.

रोपं कुठली हे महत्त्वाचं. विलो किंवा गवताचं बी पसरलं तर हिरवं लवकर दिसतं, पाहणीत छान वाटतं आणि मूसला आमंत्रण जातं. स्प्रूस, पाइन असली शंकूधारी झाडं लावायची. मोबर्ली तळ्याकाठी ट्विन सिस्टर्स नावाची स्थानिक झाडांची रोपवाटिका याच दोन फर्स्ट नेशन्सची आहे, रोपं तिथे तयार होतात. (ट्विन सिस्टर्स म्हणजे क्लिन्से-झाचीच दोन शिखरं, त्यांच्यासाठी पवित्र.)

फसतं कुठे? पहिल्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये. तिथे काम ढिलं राहिलं की चारचाकी बाइकवाले आणि स्नोमोबाइलवाले बाजूने नवी वाट पाडतात आणि आतलं सगळं काम वाया. तोंडाशी सर्वांत दाट अडथळा हवा.

---

खोडसाळ

हे सगळं ठीक. पैसा आणि जमीन कुणाची? लाकूडवाले गप्प बसले?

---

उत्तरवारा

अजिबात नाही. मे २०१८ मध्ये संघीय पर्यावरणमंत्र्यांनी या कॅरिबूंच्या पुनर्प्राप्तीला 'निकटचा धोका' असल्याचं जाहीर केलं. मग कॅनडा, ब्रिटिश कोलंबिया, वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो अशा चौघांत बोलणी झाली. २०१९ मध्ये मसुदा बाहेर आला आणि चेटविंड परिसरात गदारोळ उठला : नोकऱ्या जाणार, डोंगर बंद होणार. त्यात फर्स्ट नेशन्सबद्दल उघड वंशद्वेषी भाषाही होती. २१ फेब्रुवारी २०२० ला करार झाला, मुदत ३० वर्षं, आणि सुमारे ८ हजार चौरस किलोमीटरवर वेगवेगळ्या पातळीचं संरक्षण. २०२४ मध्ये क्लिन्से-झा प्रांतिक उद्यान जवळजवळ दोन लाख हेक्टरने वाढवलं. आधी ते तीन हजार हेक्टरही नव्हतं.

१८९९ च्या आठव्या तहात या लोकांना पूर्वीसारखी शिकार करण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. शिकारीला जनावरच नसेल तर तो हक्क कागदावरचा. त्यामुळे सरकारचं 'कळप नष्ट होणार नाही इतपत' आणि वेस्ट मोबर्लीचे प्रमुख रोलँड विल्सन आणि सहकारी मांडतात ते 'पोटाला पुरेल इतपत' यांत शेकड्यांचा नाही, हजारांचा फरक आहे. २०२३ मध्ये त्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून हेच एका शोधनिबंधात मांडलं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, वाड्याहूनही. लुप्त होण्यापासून वाचवणं हे सरकारी ध्येय १०१ वर जवळपास गाठलं असं कुणीही म्हणू शकतं. शिकारीच्या हिशेबात १०१ म्हणजे अजून सुरुवातही नाही.

---

चिंचपाणी

शेवटची शंका. डोंगरात विखुरलेली जनावरं १०१ आहेत, १०२ नाहीत, हे कसं कळतं? आणि पुढच्या बातम्या वाचताना काय बघायचं?

---

आकडेमोड

१०१ हा अंदाज आहे, त्याला दोन्ही बाजूंनी थोडी सैल जागा धरायची. मोजणी हिवाळ्याच्या शेवटी हेलिकॉप्टरमधून होते. माथ्यांवरच्या ताज्या बर्फावर पावलांचे माग लांबून दिसतात, मागावरून जनावरांपर्यंत जायचं, फोटो काढायचे, पाडसं वेगळी मोजायची. तेव्हा पाडसं दहा महिन्यांची असतात, म्हणजे जी दिसली ती खरोखर कळपात आली असं धरता येतं. झाडीत किती राहिले हे कॉलरवरून कळतं. कॉलर असलेल्या दहा माद्या त्या भागात आहेत, रेडिओ न ऐकता आठ दिसल्या आणि एकूण ८० जनावरं मोजली, तर अंदाज १००. ताजा बर्फ नसेल तर त्याच कळपाचा आकडा पंधरा-वीसने खाली येऊ शकतो, म्हणून एका वर्षाच्या घसरणीवर गळा काढू नये.

बातमीत एकूण संख्येपेक्षा दोन गोष्टी शोधा. कॉलर असलेल्या प्रौढ माद्यांतल्या किती टक्के वर्षभर जगल्या, आणि वाड्यात न गेलेल्या माद्यांमागे मार्चमध्ये किती पाडसं होती. दुसरा आकडा बहुतेक बातम्यांत नसतोच, मूळ अहवालात शोधावा लागतो. तो लांडगेनियंत्रण थांबवलेल्या वर्षीही ३० च्या आसपास राहिला, तर डोंगर सुधारला असं म्हणता येईल.